स्टुलावर बसलेला माणूस

दर वर्षी जुलैच्या सुमाराला समाजकार्याची दोन-तीन नवी मुलं आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहतात. फील्डवर्कची डायरी कोरी करकरीत, गळ्यात ओळखपत्र, आणि पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, कॅन्सरच्या पेशंटशी बोलायचं काय?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. पेशंटशी नंतर बोला. खाटेशेजारच्या स्टुलावर कोण बसलंय ते बघा आणि त्याला विचारा, जेवलात का?

मुलांना वाटतं मी टाळतेय. मी टाळत नाही. २०१३ मध्ये एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून मी एका कॅन्सर रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून लागले. स्टुलावरचा माणूस मला दिसायला दीड वर्ष गेलं.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. एका बाईंच्या नवऱ्याचा जबडा काढला होता, त्याला नळीतून पातळ अन्न द्यावं लागायचं. बाई रोज टेबलापाशी येऊन रडायच्या. मी वर्गात शिकलेलं सगळं वापरलं आणि वर "तुम्ही खंबीर राहायला हवं, तुमच्याकडे बघूनच त्यांना बळ येणार" असंही म्हणाले. बाई यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, सावरल्या. पुढे वॉर्डातल्या मावशींनी सांगितलं की त्या जिन्याच्या वळणावर बसून रडतात. मावशींना म्हणाल्या होत्या, "त्या मॅडमना रडलेलं आवडत नाही." त्या दिवसापासून "खंबीर राहा" आणि "पॉझिटिव्ह राहा" ही दोन वाक्यं मी टाकून दिली. तुम्हीही टाका.

मग करायचं काय? तर कागद. आमच्या कामाचा मोठा भाग कागदपत्रांचा आहे, हे कोणी आधी सांगत नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागतं. ऐकायला सोपं. पण पंचवीस-सव्वीस वर्षांची लग्न झालेली मुलगी समोर येते तेव्हा बघा. माहेरच्या रेशनकार्डावरून नाव कमी केलेलं, सासरच्या कार्डावर अजून चढवलेलं नाही. आधारवर माहेरचं आडनाव, केसपेपरवर सासरचं. कागदोपत्री ही बाई कुठल्याच घरात नाही. केमोची तारीख सोमवारची, आणि सासऱ्याला तहसीलच्या पुरवठा शाखेत जायला शेतातून सवड नाही. अशा वेळी मी फोन हातात घेते, माहेरच्या भावाला नाव कमी केल्याचा दाखला आणायला पिटाळते, सासऱ्याशी गोड बोलते, वेळ पडली तर थोडं चढ्या आवाजातही बोलते. या धावपळीत चार-पाच दिवस जातात आणि त्या दिवसांतच त्या घरात कोण कोणाशी बोलत नाही, दागिने कोणी गहाण टाकले, मुलं सध्या कोणाकडे आहेत, हे सगळं कळतं. समुपदेशनाच्या खोलीत तास तास बसून मला इतकं कधी कळलेलं नाही. फॉर्म भरताना माणसं खाली कागदाकडे बघतात, म्हणून बोलतात, असा माझा समज आहे.

शब्द आधी ऐका, मग वापरा. आमच्याकडे कोणी 'रेडिएशन' म्हणत नाही, 'शेक' म्हणतात, काही जण 'लाइट'. केमो म्हणजे 'बाटली'. आणि कॅन्सर म्हणजे 'गाठ', नाहीतर नुसतं 'ते'. पेशंट 'ते' म्हणत असेल तर तुम्ही उगाच कॅन्सर कॅन्सर करू नका. त्याची तयारी होईल तेव्हा तोच म्हणेल.

त्रास किती आहे हे मोजायला थर्मामीटरच्या चित्राची एक पट्टी वापरतात, ० ते १०. बोट चारवर किंवा त्याच्या वर गेलं तर पुढे विचारपूस करायची. साधन चांगलं आहे. पण खेड्यातल्या म्हाताऱ्यांना दहाची पट्टी परीक्षेच्या मार्कांसारखी वाटते आणि ती माणसं चांगले मार्क द्यायला बघतात. मी त्यांना विचारते, दुःख रुपयात किती आणे? एक आजोबा म्हणाले होते, "दुखणं चार आणे, पोरीच्या लग्नाचं बारा आणे." वहीत मी आकडा लिहिला, पण कामाला लागले ते बारा आण्यांच्या.

"त्यांना सांगू नका" हे वाक्य तुम्हाला पहिल्या आठवड्यातच ऐकू येईल. मुलगा दाराबाहेर गाठून हात जोडेल. माझी एक सहकारी सुरुवातीला तिथल्या तिथे पेशंटच्या हक्कांवर बोलू लागायची. ती बरोबर होती, आणि नातेवाईक दुसऱ्या दिवसापासून तिला टाळायचे. त्यापेक्षा मुलाला विचारा, सांगितलं तर काय होईल असं वाटतं? बहुतेक वेळा त्याच्या पोटात एखादी जुनी गोष्ट असते. काकाला कळलं आणि त्याने जेवण सोडलं, अशी. ती ऐकून घ्या. मग त्याच्या परवानगीने पेशंटला एवढंच विचारा, तुम्हाला डॉक्टरांनी काय सांगितलंय, आणखी किती जाणून घ्यायचंय? आजाराचं निदान सांगणं डॉक्टरांचं काम आहे, आपण जमीन तयार करायची. खोटं मात्र बोलायचं नाही. आणि जाता जाता, रुग्णालयाच्या फाटकावरची पाटी तीन फूट उंच अक्षरांत असते. पेशंटला वाचता येत नाही असं घरच्यांना का वाटतं, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

पुरुष सोबतीला असेल तर थोडं वेगळं. बायकोच्या छातीचं ऑपरेशन झालेलं असतं आणि नवरा दिवसभर व्हरांड्यात उभा. त्याला भावना विचाराल तर तो चहा प्यायला निघून जाईल. त्याला काम द्या. ड्रेनच्या, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या, पिशवीतलं पाणी कसं मोजायचं, हाताचे व्यायाम कसे करून घ्यायचे, हे नर्सकडून शिकायला पाठवा. आठवड्यात तो आत येऊन बसलेला दिसतो.

स्टुलावरच्या माणसाची स्वतःची औषधंही विचारा. बीपीच्या गोळ्या गावीच राहिल्यात, चहा-बिस्किटावर तीन दिवस काढलेत, रात्री खाटेखाली चटई टाकून झोपतात, कामावर खाडा पडतोय. तो कोसळला की पेशंटचा उपचार थांबतो, आणि हे मी उगाच घाबरवायला सांगत नाही.

मुंबईला पाठवायची वेळ येते तेव्हा राहण्याचा प्रश्न उपचारापेक्षा मोठा होतो. टाटा मेमोरियल परळला १९४१ पासून आहे, आणि आजूबाजूच्या फुटपाथवर अंथरूण टाकून राहणारी कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना जास्त सांगायला नको. शेक काही मिनिटांचा असतो, पण सोमवार ते शुक्रवार रोज, आणि तो अनेकदा पाच-सहा आठवडे चालतो. नांदेडहून रोज येणार कसं? म्हणून दादरची संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूड्स, हे पत्ते पाठ हवेत. रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत आहे, तिचा फॉर्म रुग्णालयातून भरून मिळतो. कितीतरी जण पूर्ण तिकीट काढून येतात. उपचार थांबल्यावर घरी सांभाळणं शक्य नसेल त्यांच्यासाठी वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, गोव्यातही आहे. रात्री-अपरात्री कोणाला बोलायचं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चिठ्ठीवर लिहून द्या. मराठीत बोलता येतं.

या कामात यायचं कसं, तर दोन मुख्य वाटा. एमएसडब्ल्यू दोन वर्षांचं. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईत निर्मला निकेतन आणि टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था (तिथे पदवीचं नाव एमए असतं). फील्डवर्कला रुग्णालय मागून घ्या, सहज मिळालं नाही तर पुन्हा मागा. दुसरी वाट मानसशास्त्राची, पण चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, हे प्रवेश घेण्याआधी तपासा, नंतर नको. पगाराबद्दल गोड बोलणार नाही. बऱ्याच जागा कंत्राटी, अकरा महिन्यांच्या, कुठल्या तरी ट्रस्टच्या निधीवर. मला सुरुवातीला १४ हजार मिळायचे आणि त्यातले निम्मे खोलीभाड्यात जायचे.

आणखी एक. पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला स्वतःच्या मानेत गाठ लागेल. मला लागली होती, माझ्याआधीच्या मुलीलाही लागली होती. घाबरून रात्री मोबाइलवर शोधत बसू नका, डॉक्टरांना दाखवा आणि मोकळे व्हा. कामावरचं सगळं घरी सांगू नका, पण कोणाला तरी सांगा. आम्ही तिघी शुक्रवारी कॅन्टीनमध्ये अर्धा तास बसतो आणि त्या आठवड्यात कोण गेलं ते एकमेकींना सांगतो. कधी कधी नुसता वडापाव खातो. पेशंटला स्वतःचा नंबर देऊ नका, हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा पस्तावले.

पेशंट गेल्यावर घरचे कधीकधी महिन्या-दोन महिन्यांनी परत येतात. हातात काहीतरी असतं: उरलेला प्रोटीन पावडरचा डबा, वॉकर, न वापरलेल्या नळ्या. गेल्या दिवाळीनंतर एक मुलगा हवेची गादी घेऊन आला. वडिलांना पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून आम्ही ती दिली होती. एसटीच्या टपावर बांधून आणली होती, धुऊन, नीट घडी करून, पंप वेगळ्या पिशवीत. मी पावती करायला घेतली तर म्हणाला, घाई नाही. मग टेबलासमोरच्या खुर्चीत तो तासभर बसला. बाहेर रांग होती. मी रांगेला सांगितलं, जरा थांबा.