परतीच्या पावसात ओल्या मक्याचा ढीग मारू नका

सिल्लोड, कन्नड, येवल्याकडे मका काढणीला आलाय आणि परतीचा पाऊस पाठ सोडत नाही. कळकळीने एकच सांगतो: ओल्या कणसांचा ढीग मारून वर ताडपत्री ओढू नका. आभाळ भरून आलं की घाईत सगळे हेच करतात. चार दिवसांनी ताडपत्री उचलली की आतून वाफ येते, हात घातला तर चटका बसतो आणि दाण्यांच्या फटीत हिरवट-पिवळी भुकटी दिसते.

ही अ‍ॅस्परजिलस बुरशी. तिचं विष, अफलाटॉक्सिन, भाजून-शिजवूनही पुरतं जात नाही. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसात भिजून बुरसलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. बुरसलेली कणसं गव्हाणीतही टाकू नका, विष दुधात उतरतं.

दाण्याचं बूड नखाने खरवडा. काळा ठिपका दिसला तर मका पक्व झाला, पण त्यात अजून ३० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पाऊस दोन-तीन दिवसांचाच असेल तर ढिगापेक्षा उभ्या झाडावरचं कणीस बरं, असं माझं मत. खाली झुकलेल्या कणसावरून पाणी ओघळून जातं. तोडलेली कणसं शेडमध्ये पातळ पसरा, रोज उलथा. ताडपत्री बांबूवर उंच बांधा, बाजू मोकळ्या ठेवा.

ओल्या मळणीत दाणा फुटतो आणि फुटक्या दाण्याला बुरशी आधी धरते. बाजारात न्यायला १४ टक्के ओलावा चालतो, घरी साठवायला १२ हवा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि दोन-तीन चमचे कोरडं मीठ घालून हलवा. थोडं थांबून बघा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे.

दुकानदार ढिगावर टाकायला बुरशीनाशकाची पुडी देईल. घेऊ नका. खायच्या धान्यावर ते मारायचं नसतं आणि त्याने ओल जात नाही. तो पैसा दुसऱ्या ताडपत्रीला घाला.

ढीग आधीच लागला असेल तर उघडीप मिळताच फोडा. तोंडाला फडकं बांधा, बुरसलेली कणसं वेगळी काढून खोल पुरा, बाकीची पसरा.