वाचलेलं ऐन वेळी आठवत नाही? या चुका टाळा

'सर, चारदा वाचलं होतं, तरी पेपरात आठवलंच नाही.' दहावीची मुलं हे म्हणतात आणि सांगलीच्या अभ्यासिकांत दिवसदिवस बसून एमपीएससीची तयारी करणारेही हेच म्हणतात. ते खरंच सांगत असतात. माहिती डोक्यात घेणं, ती टिकणं आणि हवी तेव्हा बाहेर काढता येणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत. मेहनत सगळी पहिल्यावर होते आणि गाडी अडते तिसऱ्यावर.

ओळखीचं वाटलं म्हणजे पाठ झालं, असं धरून चालणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

भूगोलाचं पान समोर आहे. कृष्णेच्या उपनद्या: कोयना, येरळा, वारणा, पंचगंगा. वाचताना मान डोलते, सगळं येतंय असं वाटतं. आता पुस्तक मिटा आणि विचारा, हरिपूरला कृष्णेला कोणती नदी मिळते? हरिपूर सांगलीला लागूनच आहे, तिथल्या संगमावर पोरं कितीदा जाऊन आलेली असतात, तरी उत्तर देताना अडखळतात. 'वारणा' हे नाव छापलेलं दिसलं की लगेच ओळखू येतं. ते स्वतःहून काढायचा सराव मात्र कधी झालेलाच नसतो.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली यावरच प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने चारही फेऱ्यांत उतारा वाचलाच. दुसऱ्याने पहिल्या फेरीत वाचला आणि पुढच्या तीन फेऱ्यांत न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 61 टक्के. शिवाय 'आपल्याला चांगलं आठवेल' अशी जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती. पाच मिनिटांनंतरचा तो भरवसाच मुलांना फसवतो.

उपाय साधा आहे, पण कष्टाचा. धडा एकदा नीट समजून वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. कागद कोराच राहिला तर लगेच पुस्तक उघडू नका. मथळे आठवा, पानावर चित्र कुठे होतं ते आठवा, नुसतं पहिलं अक्षर सुचलं तरी लिहा. दोन-तीन मिनिटं झटापट झाली की मग उघडा आणि राहिलेलं लाल पेनने भरा. या झटापटीचा मुलांना कंटाळा येतो, 'वेळ वाया जातोय' असं वाटतं. माझं ठाम मत आहे की अभ्यासाचा खरा वेळ हाच.

एकाच टोकाने पाठ करणं

कविता पहिल्या ओळीपासून घडाघडा येते आणि मधलीच ओळ विचारली की पुन्हा सुरुवातीपासून म्हणावी लागते. याचं कारण असं, की आठवायला धागा लागतो आणि इथे प्रत्येक ओळीचा धागा फक्त तिच्या आधीची ओळ असते. म्हणून एकाच गोष्टीला दोन-तीन बाजूंनी धागे बांधा. नदीवरून ठिकाण विचारा आणि ठिकाणावरून नदी. कराडचा प्रीतिसंगम कोयनेचा, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. साताऱ्याकडून खाली येत नकाशावर बोट फिरवत एकदा म्हणून बघा. यादी म्हणून घोकलेलं आणि असं जोडलेलं, यातला फरक आठवड्याभरात कळेल.

सगळं एका बैठकीत उरकणं

हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने 1885 मध्ये स्वतःवर केलेले प्रयोग मांडले. तो अर्थहीन अक्षरगट पाठ करायचा आणि काही वेळाने तेच पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात हे मोजायचा. तासाभरातच निम्म्याहून जास्त बचत गेलेली असे. त्यानंतरची घसरण संथ. अर्थ असलेला मजकूर इतका झपाट्याने जात नाही, पण सुरुवातीला भराभर आणि पुढे सावकाश, हा क्रम तोच. त्यामुळे चार तास एकदम बसण्यापेक्षा तेच चार तास आज, उद्या, चार दिवसांनी आणि पंधरवड्याने असे वाटून घ्या.

रात्र जागून काढणं

दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेत चालतं. पेपरच्या आदल्या रात्री झोप मोडून दोन धडे जास्त होतील, पण आधीच्या दहांचं नुकसान होईल.

खात्री वाटते म्हणून न तपासणं

आठवण ही फीत नव्हे. प्रत्येक वेळी मेंदू ती नव्याने जुळवतो आणि जुळवताना भर घालतो. 2019 च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं यावर एकाच घरातले दोघे शपथेवर वेगवेगळ्या पायऱ्या सांगतात आणि दोघेही मनापासून बोलत असतात. अभ्यासातही असंच होतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45, हे आकडे उलटे लक्षात राहिले तर ते बरोबर असल्यासारखेच वाटत राहतात.

म्हणून न बघता लिहिलेलं प्रत्येक उत्तर त्याच बैठकीत पुस्तकाशी ताडून बघा आणि लिहितानाच शेजारी खूण करा: खात्री आहे की अंदाज. खात्रीने लिहिलेलं चुकलं तर घाबरू नका. अशी चूक लगेच दाखवून दिली तर अंदाजाने केलेल्या चुकीपेक्षा ती जास्त चांगली सुधारते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. दुसऱ्या दिवशी बसाल तेव्हा सुरुवात त्या उत्तरांपासून करा.