स्वप्नात भान आणायचंय? मग या चुका टाळा

रात्री अकराला आडवं व्हायचं, ‘आज स्वप्नात भान येणारच’ असं घोकत झोपायचं आणि आठवडाभर काही घडलं नाही की नाद सोडायचा. ल्युसिड ड्रीमिंग, म्हणजे स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे ओळखणं, शिकणाऱ्या पुष्कळांचं इथेच फिसकटतं. चूक घोकण्यात नाही, वेळेत आहे.

झोपेचं एक चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक त्यातल्या रेम टप्प्यात, म्हणजे मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात तेव्हा, पडतात. रात्रीच्या पहिल्या चक्रात हा टप्पा जेमतेम काही मिनिटांचा असतो. पहाटेकडे तो अर्धा तास किंवा त्याहूनही लांबतो. अकराला केलेला संकल्प तोवर गाढ झोपेखाली कधीच गाडला गेलेला असतो. म्हणून गजर झोपल्यापासून पाच तासांनी, म्हणजे चारच्या सुमारास लावा. उठून बसा, मंद दिवा लावा, मोबाइल हातात घेऊ नका. नुकतंच पडलेलं स्वप्न आठवा आणि त्यातली न पटणारी गोष्ट शोधा: वारलेले आजोबा ओटीवर बसलेत, किंवा शाळेचा वर्ग आताच्या ऑफिसात भरलाय. मग डोळे मिटून तोच प्रसंग पुन्हा बघा, पण या वेळी तिथेच ‘अरे, हे तर स्वप्न आहे’ असं ओळखा. ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ हे वाक्य अर्थ मनात धरून म्हणत झोपा.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले स्वप्न-संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी घडवलेली ही पद्धत माइल्ड म्हणून ओळखली जाते. घरी येताना कोथिंबीर आणायची आठवण ज्या स्मृतीमुळे राहते, तिलाच इथे कामाला लावायचं असतं. दात-ओठ खाऊन जोर लावला तर झोप तेवढी उडते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात, संकल्पानंतर पाच मिनिटांत झोप लागली तेव्हा जवळपास निम्म्या प्रयत्नांत यश आलं होतं. त्यामुळे जागं राहण्याचा वेळ स्वतःपुरता बसवून घ्या. सुरुवात २० मिनिटांनी करा. नंतर तासभर कूस बदलत पडावं लागलं तर १० वर या. वाक्य पुरं व्हायच्या आत डोळा लागला तर ३० करा आणि अंथरुणावर नको, खुर्चीत बसा.

स्वप्नच आठवत नसेल तर हे सगळं फुकट. जाग आल्याबरोबर हातपाय ताणणं आणि गजर पुन्हा पाच मिनिटं पुढे ढकलणं, या दोन सवयी स्वप्न पुसून टाकतात. हलू नका. डोळे मिटलेले ठेवा, शेवटचं चित्र पकडा आणि तिथून मागे मागे जा. वहीत आधी नुसते शब्द टाका: ‘आजीचं घर, उलटा जिना, पाण्याचा आवाज, घाई’. सविस्तर नंतर लिहा. काहीच आठवलं नाही तर तेही तारखेसह लिहा. दोन आठवडे नेमाने वही लिहिल्याशिवाय पहाटेच्या गजराच्या वाटेला जाऊ नये.

‘मी जागा आहे की स्वप्नात’ याची खातरजमा दिवसाही करायची असते, म्हणजे तीच सवय स्वप्नात उतरते. त्यात तर सगळे चिमट्यापाशीच अडकतात. ‘स्वप्नात तर नाही ना’ म्हणून चिमटा काढणं बोलायला ठीक आहे, पण स्वप्नातही दुखू शकतं. त्यापेक्षा नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास घेऊन बघा. रेम झोपेत हातापायांचे स्नायू लुळे असतात, म्हणून नाक दाबतो तो हात स्वप्नातला. खरं नाक उघडंच असतं आणि श्वास सहज आत येतो. डोळेही या लुळेपणातून सुटलेले असतात. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला: झोपलेल्या माणसाने स्वप्नातून, आधी ठरल्याप्रमाणे डावी-उजवीकडे डोळे फिरवून खूण दिली आणि ती यंत्रावर उमटली. नाक दाबताना मात्र ‘आता मी जागा आहे का?’ हा प्रश्न खरोखर पडायला हवा. मोबाइलने आठवण केली की यांत्रिकपणे वीस वेळा नाक दाबणारा स्वप्नातही तसंच दाबतो आणि पुढे चालू लागतो.

भान आलं की पहिला धोका आनंदाचा. काळीज धडधडतं आणि जाग येते. लगेच उडायला जाऊ नका. तळहात एकमेकांवर चोळा, भिंतीचा खरखरीतपणा चाचपा, आजूबाजूच्या चार वस्तू नीट न्याहाळा. दृश्य विरू लागलं तरी हेच करा, डोळे मात्र मिटू नका. कुणाला भेटायचं असेल तर ‘प्रकट हो’ म्हणून हुकूम सोडण्यापेक्षा ‘तो दाराआड उभा आहे’ असं धरून दार उघडा. स्वप्न अपेक्षेमागे चालतं.

पहाटे अंग हलेना आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं तर घाबरू नका. रेममधला लुळेपणा जागेपणात रेंगाळलाय, एवढंच. शांत श्वास घ्या, पायाचं बोट हलवायचा प्रयत्न करा. पुन्हा झोपताना कुशीवर वळा. पहाटेचा गजर आठवड्यातून दोनदाच, तोही सुट्टीच्या आदल्या रात्री लावा. झोप मोडून सकाळी गाडी चालवणं धोक्याचं आहे. भास होण्याचा किंवा सायकोसिसचा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. ऑनलाइन सुचवलं जाणारं गॅलँटामिन हे अल्झायमरवरचं औषध आहे. ते स्वतःच्या मनाने घेऊ नका.

कधीकधी गजर बंद होतो, दिवा लागतो, वहीत स्वप्न लिहूनही होतं आणि मग खरी जाग येते. पान कोरंच असतं. म्हणून प्रत्येक वेळी जागं झाल्यावर, वहीला हात लावण्याआधी, नाक दाबून श्वास घेऊन बघा.