दोघांचा इंडस्ट्रियल बँड: गाणं कुणाचं ते आधी ठरवा

साध्या रॉक बँडमध्ये ड्रमर रुसला की सराव बंद पडतो, म्हणून त्याची समजूत काढावीच लागते. यंत्रांच्या ठेक्यांवर आणि कर्कश आवाजांवर उभ्या असलेल्या इंडस्ट्रियल रॉकमध्ये तशी गरज उरत नाही. ठेका ड्रम मशिनवर, बास सिंथवर, गिटारचे चार बार (तालाची आवर्तनं) कापून सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे पुन्हा वाजवणाऱ्या यंत्रात) टाकले की ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे तो जोडीदाराशिवाय गाणं पुरं करू शकतो. व्यसनांच्या आणि भांडणांच्या कहाण्या चवीने सांगितल्या जातात, पण या क्षेत्रातल्या बऱ्याच मैत्र्यांना तडा जातो तो इथे.

नाइन इंच नेल्स या इंडस्ट्रियल बँडचा पहिला अल्बम 'प्रिटी हेट मशीन' (१९८९) ट्रेंट रेझनरने जवळजवळ एकट्याने रचला. गिटारिस्ट रिचर्ड पॅट्रिक स्टेजवर पुढे असायचा, रेकॉर्डवर मात्र नावापुरता. १९९३ मध्ये तो बाहेर पडला. ब्रायन लीसगँग या प्रोग्रॅमिंग करणाऱ्या सोबत्याबरोबर त्याने 'फिल्टर' काढला, १९९५ मध्ये त्यांचा 'शॉर्ट बस' आला आणि १९९७ मध्ये लीसगँगही गेला. एका माणसाच्या बँडमधून निघालेला पॅट्रिक शेवटी स्वतःच एका माणसाचा बँड झाला.

तेव्हा पहिला लूप (फिरून फिरून वाजणारा तुकडा) वाजायच्या आधी एक पान लिहा. रचनेतला वाटा, रेकॉर्डिंगची मालकी आणि बँडचं नाव हे तीन वेगळे विषय आहेत, ते एकाच वाक्यात गुंडाळू नका. भारतीय कॉपीराइट कायद्यात शब्दांचा कर्ता गीतकार, संगीताचा कर्ता संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता, म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. रेकॉर्डिंग एकाच्या खोलीत, त्याच्या पैशाने झालं तर दुसऱ्याने अर्धी गाणी रचली असली तरी रेकॉर्डिंगवर पहिला दावा कुणाचा, हा प्रश्न उभा राहतो. ते दोघांच्या नावावर हवं असेल तर तसं लिहून दोघांनी सही करा. हक्क कुणाला लिहून देताना मुदत आणि प्रदेश नमूद करा. मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत, असं कायदा धरून चालतो.

रचनेचा वाटा हा सगळ्यात नाजूक भाग. घासलेला, फाटलेला आवाज बनवण्यात आठवडा गेला, पण सूर दोनच. मग तो आवाज बनवणारा संगीतकार की तंत्रज्ञ? या संगीतात आवाज हीच रचना असते, म्हणून त्याला संगीतकार धरा. पहिल्या अल्बमपुरतं सरळ ५०-५० ठेवावं. गाण्यागणिक ३५-६५ मोजायला बसलात की प्रत्येक जण आपला वाटा वाढवण्यासाठी नको तिथे थर चढवतो. ज्या दिवशी गाणं उभं राहिलं त्याच दिवशी तारीख, कामचलाऊ नाव, टेम्पो आणि वाटे वहीत उतरवा. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे गाणं नोंदवताना हेच आकडे लागतात आणि त्यांची बेरीज १०० भरावी लागते.

आता फायली. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह. प्रत्येक स्टेम (एकेका वाद्याचा वेगळा ट्रॅक) पहिल्या बारपासून सुरू, मग पहिले ४० बार त्यात शांतता असली तरी चालेल. नाही तर दुसऱ्याच्या सेशनमध्ये (सॉफ्टवेअरमधल्या गाण्याच्या फाइलमध्ये) जागा शोधत बसावं लागतं. सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रत्येक गिटार आणि आवाज दोनदा पाठवा: एकदा डिस्टॉर्शनसकट, एकदा कोरा डीआय, म्हणजे इफेक्ट न लावलेला थेट सिग्नल. नुसता रंगवलेला ट्रॅक दिला तर जोडीदाराला काही बदलता येत नाही. नुसतं सेशन दिलं तर त्याच्याकडे तो प्लगइन (आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) नसतो आणि तुम्ही घडवलेला आवाज त्याला ऐकूच येत नाही. फायलीच्या नावात 'फायनल' लिहायला बंदी, फक्त क्रमांक. दर बैठकीनंतर सॅम्पल्ससकट संपूर्ण प्रत दोघांच्या घरी, दोन वेगळ्या डिस्कवर. एकाच डिस्कवर सगळं असलं की पहिल्या अबोल्यातच ती ओलीस राहते.

दोन तांत्रिक बिघाड हमखास स्वभावावर ढकलले जातात. पहिला: 'तू मागे वाजवतोस.' बफर (कॉम्प्युटर एका दमात हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) १०२४ सॅम्पल, म्हणजे आवाजाच्या १०२४ मोजण्या, असेल तर ४८ किलोहर्ट्झवर एका दिशेने २१ मिलिसेकंद उशीर होतो. कोरड्या मशिनी ठेक्यावर तो लगेच कळतो. रेकॉर्डिंगच्या वेळी १२८ ठेवा, म्हणजे २.७ मिलिसेकंद. शिवाय इंटरफेसच्या (कॉम्प्युटरला माइक-गिटार जोडणाऱ्या पेटीच्या) आउटपुटमधून क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) केबलने इनपुटमध्ये आणून रेकॉर्ड करा, किती सॅम्पल मागे पडतं ते मोजा आणि तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरा. दुसरा: 'माझा आवाज दाबलास.' ५० ते १०० हर्ट्झमध्ये किक (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा ठोका), सिंथ बास आणि खाली उतरवलेली गिटार एकमेकांच्या अंगावर चढतात आणि प्रत्येक जण आपला फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) वर करतो. गिटार ९०-१०० हर्ट्झखाली कापा, किकच्या वेळी बास ३-४ डेसिबल दबेल अशी साइडचेन लावा. निम्मी भांडणं एवढ्याने मिटतात.

गायक वेगळा असेल तर ठेका आणि बास होताच त्याच्याकडून कच्चा गाता ट्रॅक घ्या. तीस थर चढल्यावर त्याला बोलावलं तर गाण्यात त्याला जागा नसते आणि बँडमध्ये दोन तट पडतात. व्हँकुव्हरच्या स्किनी पपी या बँडमध्ये 'द प्रोसेस' या अल्बमच्या वेळी एकीकडे केव्हिन की आणि ड्वेन गोटेल, दुसरीकडे गायक ऑगर अशी फूट पडली. तिला इतर कारणंही होती. जून १९९५ मध्ये ऑगरने बँड सोडला, ऑगस्टमध्ये गोटेल हेरॉइनच्या अतिसेवनाने गेला, अल्बम १९९६ मध्ये आला. उरलेले दोघं पुन्हा एका मंचावर आले ते २००० मध्ये, ड्रेस्डेनला.

एकाच मित्राच्या डोक्यावर किती भूमिकांच्या टोप्या चढवायच्या, हेही ठरवा. मर्लिन मॅन्सन या गायकाच्या त्याच नावाच्या बँडचा 'अँटिक्राइस्ट सुपरस्टार' (१९९६) झाला तेव्हा रेझनर मित्र होता, सहनिर्माता होता, न्यू ऑर्लिन्सचा स्टुडिओ त्याचा आणि नथिंग रेकॉर्ड्स हे लेबलही त्याचंच. काम सुरू असताना गिटारिस्ट डेझी बर्कोविट्झ सोडून गेला आणि पुढे रेझनर-मॅन्सन मैत्रीही आंबली. अशा रचनेत 'हा टेक नको' हे मित्र म्हणतोय की मालक, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. स्टुडिओ जोडीदाराचा असेल तर तासाचा दर ठरवून खर्चात धरा आणि शेवटचं मिक्स तिसऱ्याकडून करून घ्या. मिनिस्ट्री या बँडमध्ये अल जोर्गेन्सन आणि पॉल बार्कर निर्माते म्हणून 'हायपो लक्सा' आणि 'हर्मिस पॅन' अशी टोपणनावं जोडीने लावत. श्रेय आधीच जोडीने बांधलेलं होतं. १९८६ साली आलेला बार्कर २००४ पर्यंत टिकला, या धंद्यात ते फारच.

मॅनेजर मित्र असेल तर 'एकूण' आणि 'निव्वळ' हे दोन शब्द करारात डोळे फाडून वाचा. कार्यक्रमाचे ५०,००० रुपये आले, खर्च ४०,००० झाला. २० टक्के एकूणवर असतील तर मॅनेजरला १०,००० आणि बँडला शून्य. निव्वळवर असतील तर त्याला २,००० आणि बँडला ८,०००. रेझनर आणि त्याचा जुना मित्र-मॅनेजर जॉन माल्म यांचा वाद अशाच कलमावरून न्यायालयात गेला आणि २००५ मध्ये ज्युरीने रेझनरच्या बाजूने कौल दिला.

त्याच पानावर सोडून जाण्याचं कलमही हवं: किती दिवसांची सूचना, नाव कुणाकडे, अर्धवट गाण्यांचं काय. सोपी पद्धत अशी की ज्याने मूळ लूप किंवा रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ) आणला त्याला ते गाणं पुरं करायची मुभा, पण दुसऱ्याचा वहीतला वाटा कायम. जोडीदार किती काळ पारखायचा याला नियम नाही. अ‍ॅटिकस रॉस २००५ च्या 'विथ टीथ'पासून रेझनरबरोबर काम करत होता, दोघांनी चित्रपटसंगीताचं ऑस्करही मिळवलं, तरी नाइन इंच नेल्सचा अधिकृत सदस्य म्हणून त्याचं नाव जाहीर झालं ते २०१६ मध्ये.