फोन टेबलावर, मालक चहाला: संगणक आपोआप लॉक करताना या चुका टाळा

एका पतसंस्थेच्या कार्यालयात संगणकांच्या देखभालीसाठी गेलो असताना तिथल्या रोखपालबाईंनी मोठ्या विश्वासाने सांगितले, की आपण जागेवरून उठलो की संगणक आपला आपण लॉक होतो. ते दाखवण्यासाठी त्या उठून दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पाच मिनिटे झाली तरी पडद्यावर खातेदारांची यादी तशीच उघडी होती, कारण त्यांचा फोन कीबोर्डशेजारी चार्जरला लावलेला होता.

विंडोजमधील ज्या सोयीवर त्या विसंबल्या होत्या तिचे नाव डायनॅमिक लॉक. २०१७ च्या एप्रिलमध्ये आलेल्या विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून ती उपलब्ध आहे आणि विंडोज ११ मध्येही आहे. फोन ब्लूटूथने संगणकाशी जोडायचा आणि मग सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स या मार्गाने जाऊन डायनॅमिक लॉकच्या चौकटीत खूण करायची, एवढेच काम असते. मात्र संगणक पाळत ठेवतो ती फोनच्या ब्लूटूथ संकेतावर. खुर्चीत कोण आहे याचा त्याला पत्ता नसतो. त्यामुळे ज्यांना फोन टेबलावर ठेवून उठण्याची सवय आहे त्यांनी ही सोय चालू केली काय आणि न केली काय, सारखेच. ब्लूटूथचा हेडफोन जोडून भागेल असेही काही जण समजतात, परंतु मूळ मांडणीत ही सोय फोन या वर्गातील उपकरणासाठीच ठेवलेली आहे.

दुसरी चूक अंतराच्या आणि वेळेच्या अंदाजात होते. फोन टप्प्याबाहेर गेल्यावर संगणक तत्क्षणी लॉक होत नाही; संकेत क्षीण झाल्याची खात्री करून घेण्यात साधारण अर्धा ते एक मिनिट जातो, आणि उघडी फाईल वाचायला किंवा तिचा फोटो काढायला तेवढा वेळ पुरेसा असतो. त्यातच साध्या ब्लूटूथचा टप्पा मोकळ्या जागेत दहा मीटरच्या आसपास धरला जातो, म्हणजे लहान कार्यालयात चहाची जागा, झेरॉक्सचे यंत्र आणि साहेबांची केबिन ही तिन्ही ठिकाणे सहज टप्प्यात येतात. संकेत किती क्षीण झाल्यावर लॉक करायचे याचा आकडा ग्रुप पॉलिसी या विंडोजच्या प्रशासकीय नियमावलीतून बदलता येतो. मूळ आकडा उणे १० असून शून्याकडे जावे तसा संकेत प्रबळ मानला जातो. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसीचा संपादकच नसतो, आणि असला तरी या आकड्याशी खेळू नये असे माझे मत आहे. नियम कडक केला की खुर्ची जरा मागे सरकवली तरी पडदा लॉक होऊ लागतो, आणि वैतागलेला माणूस चौथ्या दिवशी ती सोयच बंद करून टाकतो.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र पडदा काळा होणे आणि संगणक लॉक होणे या दोन गोष्टींत होतो. पॉवर सेटिंगमध्ये पाच मिनिटांनी पडदा बंद व्हावा असे ठरवलेले असते, पडदा वेळेवर काळा होतो, आणि काम झाले असे वाटते. परंतु बऱ्याच डेस्कटॉप संगणकांवर माऊस जरा हलवला की मघाचेच काम जसेच्या तसे समोर येते. वेळेनुसार लॉक हवे असेल तर स्क्रीन सेव्हरच्या सेटिंगमध्ये मिनिटांचा आकडा भरावा आणि त्याच्या शेजारची, परतल्यावर लॉगऑनचा पडदा दाखवण्याची चौकटही निवडावी. ही चौकट बहुतेक जणांच्या नजरेतून निसटते. कार्ड व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस या मानकात निष्क्रियतेची कमाल मर्यादा १५ मिनिटांची आहे. माणसांची ये-जा असलेल्या काउंटरवर मी ती तीन ते पाच मिनिटांवर ठेवतो. फोन टेबलावर राहिला तरी हे घड्याळ चालूच राहते, म्हणून दोन्ही सोयी एकत्र वापराव्यात.

खात्याला पासवर्ड किंवा पिनच नसेल तर मात्र हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, कारण लॉकचा पडदा एंटर दाबताच बाजूला होतो. घरच्या संगणकांवर ही स्थिती सर्रास आढळते.

लॉक केले तर डाउनलोड तुटेल किंवा टॅलीचे काम थांबेल या भीतीनेही अनेक जण लॉक टाळतात. लॉक झाल्यावर आतील कार्यक्रम चालूच राहतात; काम थांबते ते संगणक स्लीपमध्ये गेल्यावर. तेव्हा मोठे काम लावून उठायचे असेल तर स्लीपची मुदत वाढवावी आणि लॉकला हात लावू नये.

सर्व काही नीट करूनही डायनॅमिक लॉक चालत नसेल तर विंडोज सिक्युरिटीमधील अकाउंट प्रोटेक्शनचे पान उघडावे. जोडलेला फोन सापडत नसल्यास तशी सूचना तिथे दिसते. त्या वेळी फोनचे ब्लूटूथ चालू आहे ना ते पाहावे, आणि तरीही अडले तर दोन्हीकडची जोडणी काढून फोन नव्याने जोडावा. घरातील जुने, वापरात नसलेले फोन यादीत असतील तर तेही काढून टाकावेत. एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी: फोन घेऊन परत आल्यावर संगणक आपोआप उघडत नाही, पिन किंवा बोटाचा ठसा द्यावाच लागतो. तो बिघाड नाही.

शेवटी चाचणी घ्यावी, आणि ती दाराशी उभे राहून नव्हे, तर आपण रोज जिथे जातो तिथे फोन खिशात घेऊन जाऊन घ्यावी. जागेवर एखाद्या सहकाऱ्याला घड्याळ लावून बसवावे. पतसंस्थेत आम्ही तसेच केले. बाहेरच्या टपरीपाशी गेल्यावर संगणक एका मिनिटाच्या आत लॉक झाला, पण आतल्या बाकावर, जिथे बाई रोज डबा खातात, तिथे फोन पूर्ण टप्प्यात होता. तेव्हापासून त्या डब्याला उठताना विंडोजचे बटण आणि एल एकदम दाबतात.