लांब सायकल फेरीआधी काय खावे, काय प्यावे

पुण्याहून पहाटे पाचला निघून कात्रज, खंबाटकी आणि पसरणी हे तीन घाट चढत पाचगणी गाठायची, तर साधारण १०० किलोमीटरच्या या वाटेवरचा सर्वांत लांब चढ वाईनंतर, म्हणजे पाय थकल्यावर समोर येतो. तिथे लागणाऱ्या ताकदीची तजवीज आदल्या संध्याकाळीच करावी लागते; निघताना घाईघाईने पोट भरून ती होत नाही.

भात-पोळीतल्या पिठूळ अंशाची शरीरात साखर होते आणि तिचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात राहतो. म्हणून रात्री आठच्या आत साधे वरण, चमचाभर तूप आणि नेहमीपेक्षा थोडा जास्त भात असे जेवण करावे. तळण, मटण, छोले किंवा मोडाची उसळ त्या रात्री नको, कारण स्निग्ध आणि चोथायुक्त अन्न पोटात रेंगाळते आणि पहाटे जडपणा जाणवतो.

झोपेत स्नायूंतला साठा टिकतो, पण यकृतातला बराच उतरतो. तो भरून काढण्यासाठी न्याहारी हवीच, आणि तीही निघण्याच्या दीड-दोन तास आधी. साडेतीनला उठणे जिवावर येते हे खरे, तरी या बाबतीत मी तडजोड करत नाही. एकदा उपाशीपोटी निघून खंबाटकीच्या पायथ्याशी तर्रीदार मिसळ खाल्ली होती. घाट निम्माही चढलो नव्हतो, तोच छातीत जळजळ आणि मळमळ सुरू झाली आणि उरलेला चढ सायकल हाताने ढकलत पार करावा लागला.

वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम कर्बोदके हा न्याहारीचा सोपा हिशेब आहे. ६५ किलो वजनाच्या माणसाला ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांचे कांदेपोहे आणि एक केळे पुरते. पोहे असे भिजवावेत, की दाणा दोन बोटांत सहज मोडेल. फोडणीला एकच चमचा तेल घ्यावे, शेंगदाणे व मिरची कमी करावी आणि वरून लिंबू पिळावे. उठायला उशीर झालाच, तर पोह्यांचा नाद सोडून केळे आणि दोन-तीन खजूर खाऊन निघावे.

न्याहारीबरोबर ४०० ते ५०० मिलिलिटर पाणी घोटघोट प्यावे. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसे झाले असे समजावे. गडद असेल तर आणखी थोडे प्यावे, मात्र एकदम लिटरभर ढोसू नये. एप्रिल-मेमध्ये, विशेषतः ज्यांना भरपूर घाम येतो त्यांनी, त्यातले ग्लासभर पाणी मीठ-साखर घातलेल्या लिंबू सरबताच्या रूपात घ्यावे. चहाची सवय असेल तर अर्धा कप, तोही खाल्ल्यानंतर, चालतो.

बाजारातली एनर्जी जेल किंवा पावडर त्या दिवशी प्रथमच वापरून पाहू नये. आधी दोन-तीन छोट्या फेऱ्यांत पोटाला मानवते का ते तपासावे. मधुमेह असेल किंवा नियमित औषधे चालू असतील, तर हे सारे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

निघण्यापूर्वी जर्सीच्या मागच्या खिशात चिक्कीचे तुकडे ठेवावेत आणि कात्रजचा बोगदा ओलांडला की भुकेची वाट न पाहता पहिला तुकडा तोंडात टाकावा.