बटण सेल विकताना काउंटरवरच्या पोरांनी काय काय बघायचं

राखी, गणपती, दिवाळी असा लागोपाठ सीझन येतो, मारुती रोडला चालायला जागा नसते आणि त्यातच नवीन पोरं कामाला लागलेली असतात, त्यांना बटण सेलचं, म्हणजे घड्याळात-खेळण्यात असतो त्या नाण्यासारख्या चपट्या सेलचं, कोण काय सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. सांगलीतल्या गिफ्ट, खेळणी, स्टेशनरी, घड्याळवाल्या सगळ्यांनाच लागू आहे.

आधी धोका काय तो समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं सेल फुटून आतलं ऍसिड गळतं. तसं नसतंय. बारक्या पोरानं सेल गिळला आणि तो घशाखाली अडकला की लाळेच्या ओलीनं सर्किट पूर्ण होतं, करंट वाहतो आणि निगेटिव्ह बाजूला कॉस्टिक सोड्यासारखा क्षार तयार होऊन अन्ननलिका जळते, २ तासांत मोठी इजा होऊ शकते. सगळ्यात बेकार सीआर २०३२ नंबरचा सेल, रुंदी २० मिलिमीटर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा, म्हणजे बारक्या पोराच्या नळीत बरोबर अडकणारा, वर ३ व्होल्टचा. आणि संपलेला सेलसुद्धा धोक्याचाच, घड्याळ चालवायला कमी पडला तरी त्यात इजा करण्याएवढा करंट शिल्लक असतो.

आता दुकानात. सेलचे पत्ते, म्हणजे पुठ्ठ्यावर प्लास्टिकमध्ये बंद केलेली पाकिटं, गल्ल्याच्या मागं किंवा छातीच्या वरच्या हुकला लावायचे, चॉकलेट आणि स्टिकरच्या शेजारी अजिबात नाही. पत्ता कापून सुटा सेल कागदाच्या पुडीत द्यायची आपल्याकडं सवय आहे, ती बंद करा. गिऱ्हाईक म्हणतंय एकच पाहिजे, तर एकेकाचं पॅकिंग असलेला माल मागवून ठेवा, पत्ता फाटलेला असेल तर तो विकायचाच नाही. ऑस्ट्रेलियात २२ जून २०२२ पासून यासाठी सक्तीचे वेगळे नियम आहेत, वस्तूतला सेल पोराला काढता येता कामा नये आणि धोक्याची सूचना छापलेली पाहिजे, दुकानदारसुद्धा त्यातून सुटत नाही. आपल्याकडं खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, त्यामुळं मार्क नसलेलं खेळणं होलसेलवाल्यानं कितीही स्वस्त लावलं तरी रॅकवर लावू नका.

पण लाईटची राखी, एलईडी पणती, वाजणारं ग्रीटिंग यांच्यावर तो मार्क सहसा दिसतच नाही, तिथं आपणच बघायचं. खोका उघडला की त्यातले चारपाच पीस हातात घ्या. मागचं झाकण नखानं उघडतंय का? पणतीच्या बुडाला ती सरकणारी चकती असते बघा, तिला स्क्रू आहे का, आणि असला तर बसवलाय का नुसतं भोक आहे? पीस हलवून बघा, आत खडखडलं तर बाजूला काढा. राखीत तर सेल नुसता प्लास्टिकच्या फुलामागं दाबून बसवलेला असतो, मनगटावर दोन दिवस ओढाताण झाली की बाहेर. असला माल मी तरी घेत नाही, कारण राखी बांधून घेणारा दोन वर्षांचा असतोय आणि हाताला बांधलेलं पहिलं तोंडातच जातंय.

डेमो पीसकडं लक्ष द्या, दिवसभर शंभर हात लागून त्याचाच स्क्रू ढिला होतो. रोज शटर उघडल्यावर एकदा घट्ट करायचा, झाकण हरवलं असलं तर चिकटपट्टी लावून चालवायचा नाही, सरळ काढून टाकायचा. परत आलेला मालसुद्धा झाकण तपासल्याशिवाय पुन्हा लावायचा नाही.

घड्याळाचा सेल बदलताना जुना सेल काचेवर ठेवून गप्पा मारत बसू नका. काढला की लगेच दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी, आणि झाकणाच्या डब्यात. गिऱ्हाइकानं मागितला तरी पट्टी लावूनच द्या. डबा भरला की ई-वेस्ट घेणाऱ्याकडं, घंटागाडीत नाही.

बिल करताना एवढं बोला, "ताई, घरात बारकं पोरगं असलं तर सेल वर ठेवा, जुनापण." दहा सेकंद लागतात.

कधी कुणी घाबरून आलं की पोरानं सेल गिळला, किंवा नुसता संशय असला, तरी वाट बघायची नाही. उलटी करवायची नाही, केळं-भात भरवायचं नाही, १०८ ला फोन किंवा सरळ सांगली-मिरजेचं सिव्हिल नाहीतर एक्स-रेची सोय असलेलं मोठं हॉस्पिटल, आणि त्या सेलचं पाकीट (पत्ता) सोबत द्या म्हणजे डॉक्टरांना नंबर कळतो. पोर वर्षाच्या वरचं असेल, गिळून १२ तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल तर वाटेत दर १० मिनिटांनी २ चमचे मध देता येतो, पण मध शोधायला थांबू नका. नाकाकानात घातला असेल तर थेंब वगैरे काही टाकायचं नाही. खोकला, लाळ, जेवत नाही एवढंच दिसतं म्हणून लोक सर्दी समजतात, कधी तेवढंही दिसत नाही, तेव्हा "खेळतंय की, बरं आहे" म्हणाले तरी त्यांना एक्स-रेला पाठवाच.